राखेतून काढलेली साखळी

मंडळी, आत्ताच घरी भांडून बसलेय. सांगितल्याशिवाय डोकं शांत व्हायचं न्हाई.

उन्हाळ्यात शेजाऱ्यानं शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत पेटवलं. वारं सुटलं आणि माळ जाळत आग आमच्या गोठ्यात शिरली. दावं असतं तर जळून तुटलं असतं, म्हैस पळाली असती. पण गावात जनावरं चोरीला जाऊन राहिली म्हणून आबांनी तिला साखळीनं बांधून कुलूप घातलं होतं. आबा भोकरच्या बाजारात, चावी त्यांच्या खिशात. आईनं दगडानं कुलूप ठेचलं, हात भाजून घेतले. तुटलं न्हाई. म्हैस उभ्या जागी जळाली.

आज गोठ्यावर नवीन पत्रे टाकले. मामांनी त्यांच्या म्हशीची वगार आणून दिली. आईनं तिला कुंकू लावलं. तेवढ्यात आबा साखळी घेऊन आले. तीच. राखेतून काढून, घासून चकचकीत केलेली.

"आबा, काही वाटतंय का तुमाला?" मी ओरडले.

"लोखंडाला काय झालंय? आग एकदा लागली. चोर रोज फिरतेत."

आईनं त्यांच्या हातातून साखळी घेतली. मला वाटलं, आता विहिरीत फेकती. तिनं जुन्या लुगड्याची चिंधी कड्यांना गुंडाळली. "मान कवळी हाय तिची, सोलंल," म्हणाली आणि कुलूप स्वतःच्या हातानं लावलं.

चावी परत आबांच्या खिशात गेली. उद्या भोकरचा बाजार आहे.

तुमच्या गोठ्याची चावी आत्ता कुणाच्या खिशात आहे?