घागरींची रांग

दूरच्या शहरात एका संग्रहालयात मी पहारेकरी होतो. शाळा सातवीतच सुटलेली. तिथं कानाला यंत्र लावून, लेखकांच्या गोष्टी ऐकत चित्रं बघायची सोय झाली, तेव्हा ते काम बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, पाणवठ्याच्या चित्राची गोष्ट तुम्ही सांगा. लोकांना रुचली तर ठेवू." एवढ्या लेखकांत आपला आवाज टिकतो कशाचा!

मी आमच्या औशाकडचा दुष्काळ सांगितला. लातूर नुकताच जिल्हा झालेला. शेजारीण म्हणायची, "आता जिल्हा झालाय, पानी बी येईल की." आई म्हणायची, "जिल्हा आलाय, टँकर कुटं आलाय?" चित्रातल्या बाया रांगेत ताटकळतात, आमच्याकडं घागरी नंबराला लावून बाया घरी जायच्या, हेही सांगून टाकलं.

पहिल्या दिवशी गोष्ट ऐकून चित्रं बघायला आलेली मंडळी अंगणातल्या नळावर गेली. तिथं गर्दी होती. त्यांनी रिकाम्या बाटल्या नंबराला लावल्या आणि खुशाल सावलीत जाऊन बसली.

"ठेवली हो तुमची गोष्ट!" बाई हसल्या.

मला त्यांचे उपकार मानायचे होते. पण एक गृहस्थ आपली बाटली हळूच पुढं सरकवत होते. मी आईच्याच आवाजात ओरडलो, "ओ भाऊ, नंबर हाय इथं!"