खडूची खुर्ची आणि मेणाची खुर्ची

नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या हिवाळ्यात वर्ध्याजवळच्या आंजी गावातल्या आमच्या घरात दोन कामं निघाली होती: बैठकीतल्या सागवानी खुर्च्यांना नवं रूप द्यायचं आणि मला उजवायचं. रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. खुर्च्या दोन होत्या आणि मी एकच, त्यामुळे प्रयोग करायला वाव खुर्च्यांवर जास्त होता.

आई गावच्या शाळेत शिकवायची. वर्ध्याला एका मास्तरीणबाईंच्या घरी तिनं पांढरीशुभ्र, जराही न चमकणारी खुर्ची पाहिली आणि तिचं डोकंच फिरलं. त्या बाईंनी तिला साबुदाण्याचे वडे सांगावेत तशी कृती सांगितली. खडूची पूड, पांढरं डिस्टेंपर, सुतारकामाचा गोंद. खडूचे तुकडे आईच्या पर्समध्ये वर्षानुवर्षं साठलेले होतेच. ते तिनं स्वयंपाकघरातल्या खलबत्त्यात कुटले, आणि पुढे आठवडाभर आमच्या लसणाच्या चटणीला शाळेचा वास येत होता.

बाबांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, पण त्यांची खरी श्रद्धा मेणावर. वर्ध्याच्या खादीच्या दुकानातून ते मधाच्या पोळ्याचं मेण आणायचे, वितळवायचे, त्यात टर्पेंटाइन घालून डब्यात भरून ठेवायचे. कुरकुरणारं दार, माझ्या पर्सची अडकलेली चेन, स्वतःच्या टाचांच्या भेगा, सगळ्यांना तोच डबा. आईला एसटी लागते म्हणून एकदा त्यांनी तिलाही मेणाचा वास घ्यायला सांगितलं होतं. तेव्हापासून मेणाच्या बाबतीत आई त्यांचं काही ऐकत नसे.

शेवटी एकेक खुर्ची वाटून घेतली. दोघंही अंगणात रेगमाल घेऊन जुनं पॉलिश घासत बसले. आईचा रंग एका हातात सगळं झाकून टाकायचा. वास नाही, चिकटपणा नाही, दुपारपर्यंत कोरडा. फक्त हात फिरवला की बोटं पांढरी. बाबांच्या मेणाखाली लाकडाच्या रेषा छान उठून दिसत, पण लाकडावरचे जुने डागही तितकेच उठून दिसत. शिवाय ते वाळता वाळत नसे, आणि मधल्या काळात गावातली सगळी धूळ त्या खुर्चीवर मुक्कामाला येई. खरं सांगते, मला दोन्ही खुर्च्यांवर बसावंसं वाटत नव्हतं.

"वरून मेणाचा एक हात मार," बाबा म्हणाले. "नाईतर रंग कपड्यांले लागन."

"तुमचं पिवळं मेण माह्या पांढऱ्या रंगावर कायले? डाग पडन," आई म्हणाली.

तसं पाहिलं तर बाबांनी आमच्या गाईलाही मेणाचा हात मारायला सांगितलं असतं, म्हणून मीही मनावर घेतलं नाही.

आता माझं. मी सावळी. सावळी हा शब्द लोक प्रेमानं वापरतात. ज्यांना प्रेम नसतं ते "तशी नाकीडोळी नीटस आहे" म्हणतात. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. दोघांनीही पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं, आणि त्यातल्या एकांनी तर पत्रिका मागितलीच नव्हती. तेव्हापासून पाहुणे येणार म्हटलं की आई पावडरचा डबा घेऊन माझ्यामागे लागायची. कपाळ, गाल, मान, कानांच्या पाळ्यासुद्धा. मला त्याचा भयंकर राग यायचा. नाही म्हणायचं तर म्हणा, पण मला बघून म्हणा, पावडरीला बघून नको, एवढंच मला हवं होतं. ते बोलायची हिंमत मात्र होत नव्हती.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची मावशी. मावशी गडद जांभळ्या रेशमी लुगड्यात होती आणि तिची नजर भाजी निवडणाऱ्या बाईसारखी होती. मानाची जागा म्हणून आईनं तिला पांढऱ्या खुर्चीवर बसवलं. मुलाच्या वाट्याला मेणाची खुर्ची आली, आणि तो पोहे खाताना सारखा आपल्या बाहीचा वास घेत होता. मी खाली मान घालून बसले. मावशीनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि मग आपलं बोट निरखून पाहिलं. बोट पांढरं झालं होतं. तिनं ते निवांतपणे रुमालाला पुसलं.

निघायला ती उठली आणि वळली. जांभळ्या लुगड्यावर मागच्या बाजूला आमच्या खुर्चीच्या बैठकीचं पांढरं चित्र, अगदी काठासकट. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. आता होऊ घातलेल्या व्याह्यांकडच्या बाईला हे सांगायचं कसं आणि कोणत्या शब्दांत? बाबा खोकू लागले. आईनं मोठ्या आवाजात "येत राहजा" म्हटलं. मावशी तशीच भर गावातून, बाजाराच्या मधोमध, एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेली. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होते.

चार दिवसांनी स्थळ आणणारे काका निरोप घेऊन आले. ते आले म्हणताच मी सवयीनं आत जाऊन पावडर लावून घेतली. याची मला आजही लाज नाही वाटत, स्वतःची कीव येते.

"पोरगी जराशी काळी हाय म्हनते," काका चहा फुंकत म्हणाले. "बाकी सारं पसंत होतं. अन् मावशी म्हने, लुगडं खराब झालं."

आई इतक्या ताडकन उठली की काकांच्या बशीतला चहा सांडला.

"माह्या पोरीचा रंग कोनाच्या लुगड्याले तर नाई ना लागत!" ती ओरडली. "सांगा त्या मावशीले!"

काकांनी चहा अर्धा टाकला. ते गेल्यावर आईनं पांढरी खुर्ची ओढत अंगणात नेली, बादलीभर पाणी घेतलं आणि ओल्या फडक्यानं घासायला लागली. रंग दुधासारखा वाहत मोरीकडे निघाला. मी मदतीला म्हणून शेजारी बसले. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, थांबली, पदराचं टोक बादलीत बुडवलं आणि माझं तोंड पुसायला लागली. कपाळ, गाल, मान, कानांच्या पाळ्या. जिथे जिथे ती पावडर लावायची तिथे तिथे. पाणी गार होतं आणि तिचे डोळे भरले होते. मी हललेसुद्धा नाही.

"राहू दे आता," ती म्हणाली. "अशीच बसत जाय."

बाबा केव्हाचे दारात उभे होते, हातात मेणाचा डबा घेऊन.

"हिले बी एक हात मारू का?" त्यांनी विचारलं.

आईनं ओलं फडकं त्यांच्या अंगावर फेकलं आणि मग खुर्चीसाठी डबा मागून घेतला.