आत्या समोर बसली

मी चित्रकला शिकले ती एका जर्मन माणसाच्या जिवावर, आणि त्याला मी जन्मात पाहिलं नाही. महायुद्ध संपून दोन-चार वर्षं झाली होती. मंगळवार पेठेतले आमचे ड्रॉइंगमास्तर त्याच्याच गोष्टी सांगायचे. शिकताना त्याला गुरूनं वर्षभर रंगाला हात लावू दिला नाही, नुसता कोळसा. घरी आई बटाटे सोलायची आणि हा समोर बसून तिला काढायचा. पुढं युद्धात चित्रं जळाली, तरी पठ्ठ्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खरं किती, देव जाणे. आमच्या आत्याला तर जर्मन म्हटलं की ॲल्युमिनियमचं पातेलंच आठवायचं.

मुंबईच्या कलाशाळेत जायचं तर माणूस समोर बसवून काढलेलं चित्र हवं होतं. मास्तर म्हणाले, "त्या जर्मनागत आईला बसव." आईला विचारलं, तर तिनं लाटणंच उगारलं. आमच्याकडं माणूस भिंतीवर लागायचा तो गेल्यावर, हार घालून. जितेपणी चित्र काढून घेणं म्हणजे यमाला आवतण. शेजारणीही मला बघून दार लावून घ्यायला लागल्या. असा संताप यायचा, की सगळे कागद चुलीत घालावेत.

शेवटी आत्याच पुढं आली. ही वडिलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन गगनबावड्याहून माहेरी आलेली. दिवसभर राबायची, पण तिचं मत कुणी कधी विचारलं नाही. "मला काढ की. मला कशाची भीती हाय?" म्हणाली. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

तांदूळ निवडत ती समोर बसायची. आधी सारखा पदर पुढं ओढायची. "काय बघतीस गं एवढं?" मग हळूहळू मान वर करून बसायला लागली.

चित्र पसंत पडलं, मुंबईचं बोलावणं आलं. वडील म्हणाले, "पोरीच्या जातीनं एकटं ऱ्हायाचं? न्हाय जमायचं." मी कोपऱ्यात रडत बसले.

आत्या भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि भावासमोर उभी राहिली.

"मी इतकं दिस बसले ती उगं न्हवं. पोरगी जाणार."

वडील म्हणाले, "बरं, अक्का. कवा धाडूया, तूच सांग."