अडकित्ता पडला आणि मी अंगणात होतो

समूहातील सर्व मान्यवरांस नमस्कार. आज सकाळचा प्रसंग लपवून ठेवू नये, असे वाटल्याने लिहीत आहे.

किल्लारीतील आमच्या घरी पत्नी सुपारी कातरत होती. तिच्या हातातून अडकित्ता निसटला आणि टीपॉयच्या काचेच्या कडेवर आदळला. क्षणात ती जाड काच फुटून साबुदाण्यासारखी घरभर विखुरली.

मी भानावर आलो, तेव्हा अंगणात अनवाणी उभा होतो. भूकंप पाहिलेल्या आमच्या गावात काही खळकन वाजले की माणसे आधी बाहेर धावतात.

आतून पत्नी ओरडली, "आवो, अडकित्ता पडलाय, जमीन हालली न्हाई. या आत!"

शेजारच्या सुभद्राबाई कुंपणावरून हसल्या. "मामा, मामीला ठिवून एकलेच पळालाव व्हय?"

पत्नीही हसली. तिचे गुडघे निकामी आहेत; आधाराशिवाय तिला उठता येत नाही. मला मात्र हसू आले नाही.

भूकंपातही मी असाच धावलो होतो. माझी आई आत राहिली. 'वेळच मिळाला नाही,' असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. वेळ होता. तिने मला हाक मारली होती.

काचा मी स्वतः वेचल्या आणि पत्नीची खाट दारालगत सरकवली.

"इथं कशाला?" तिने विचारले.

"वारा येतो," मी म्हणालो.

आपल्यापैकी ज्यांनी तो भूकंप पाहिला, त्यांना विचारतो: धावताना आपण मागे वळून पाहिले होते काय?