आज काय दिलं देवानं?

धुलाई-इस्त्रीच्या दुकानात त्याला सगळे 'आभारे' म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. बोट भाजलं, तर डाव्या हाताचं भाजलं म्हणून देवाचे आभार. वीज गेली, तर कंबरेला विसावा मिळाला म्हणून आभार. मालकाचा भाचा म्हणायचा, याला फासावर चढवलं तरी दोर नवा आहे म्हणून हात जोडेल.

बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तापात गेली. त्या धक्क्याने तिच्या बापाला लकवा मारला. म्हाताऱ्याचं करणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आभारे त्याच्या दोन खोल्यांत राहायला आला. संध्याकाळी जेवायच्या आधी तो दिवसातली एक तरी चांगली गोष्ट देवाला मोठ्याने सांगायचा. बायकोने लावलेली सवय. सासरा टपलेलाच असायचा. "काय जावईबापू, आज काय दिलं देवानं?" आणि उत्तर ऐकून दात काढायचा.

एके दिवशी भाच्याने गिऱ्हाइकाचा कोट जाळला. गिऱ्हाईक तडकल्यावर मालकाने सरळ आभाऱ्याकडे बोट दाखवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. सगळ्यांदेखत त्याला कान धरून माफी मागायला लावली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. आता याचेही आभार मान, असं भाचा मागून म्हणाला तेव्हा बाकीचे हसले.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. सासऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"माझी पोर तुला सोडून आली होती," तो म्हणाला. "आजारी पडायच्या आधी, बॅग घेऊन, याच दारात. मीच परत पाठवली. म्हटलं, नवरा बावळट आहे, पण मारत तर नाही. ठेवून घेतली असती तर आज जिवंत असती."

आभारे उठला. म्हाताऱ्याचं अंग पुसायची वेळ झाली होती. त्याने पाणी गरम केलं, त्याला कुशीवर वळवलं, पडून पडून जखम झालेली पाठ पुसली. मग ताटासमोर हात जोडून बसला. ताटातलं अन्न निवत गेलं.

"बोल की. देवाची दातखीळ बसली काय?"

"मामांच्या पाठीवरची जखम भरून आली, देवा."

"ती मलमाने भरली."

"हो," आभारे म्हणाला आणि त्याला भरवायला बसला. तिसऱ्या घासाला म्हाताऱ्याने त्याचं बोट चावलं, मुद्दाम. आभाऱ्याने बोट पुसून पुढचा घास उचलला.

पुढे त्याला एका लॉजमध्ये चादरी धुवायचं काम मिळालं. म्हातारा आणखी चार वर्षं जगला. जावई घरावर डोळा ठेवून आहे, असं शेजारपाजाऱ्यांना सांगत राहिला, आणि घर कधीही न फिरकलेल्या पुतण्याच्या नावावर करून मेला. तेराव्या दिवशी पुतण्याने कुलूप लावलं. आभारे कपड्यांची पिशवी घेऊन जिना उतरला. आज काय सांगावं, ते त्याला खालच्या पायरीपर्यंत सुचेना. तिथे तो थांबला.

"देवा," तो म्हणाला, "शेवटचं पाणी मामांनी माझ्या हातून घेतलं. थुंकलं नाही."