तारीख कोणी दिली?

पत्रक लिहायला मी लालबागच्या एका युनियन ऑफिसात शिकले. नियम एकच होता: कोण मागतंय, काय मागतंय, कधीपर्यंत. यातलं एक जरी सुटलं तर गठ्ठा सरळ रद्दीत. आता परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, मी पत्रकंच लिहिते. फक्त वाचणारा माणूस नसतो, एआय एजंट असतो. कुठलं टूल कधी वापरायचं, त्याला काय द्यायचं, काही मिळालं नाही तर काय करायचं, हे त्याला लिहून द्यावं लागतं.

आमचं एक टूल हलती चित्रं बनवतं. एखाद्या दिवसाला किती वेळ उरला ते दाखवणारी, आकडे उलटे पळणारी. काळाचौकीच्या आमच्या चाळीतल्या मंडळाने ते बाप्पाच्या आगमनासाठी वापरलं. रोज सकाळी चाळीच्या ग्रुपवर चित्र, पोरं खूश. विसर्जन झाल्यावर कोणीतरी एजंटला लिहिलं, "आता रोज 'पुढच्या वर्षी लवकर या'चं टाक." तारीख दिलीच नाही. मंडळात कोण देतो? ती सगळ्यांना माहीतच असते.

एजंटला माहीत नव्हती.

चित्रं येत राहिली, पण त्यांत गणपती नव्हता. मागे आमची चाळ, ग्रुपच्या फोटोतली, रोषणाई केलेली. खाली आकडे. दर सेकंदाला गॅलरीतला एक दिवा विझायचा. शेवटी अख्खी चाळ काळी, क्षणभर तशीच. आणि कशाला किती उरलंय, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पोरं आधी हसली. मग कोणी हसेना, कारण दिवस तर रोज घटत होते, आणि वर्षभराचे नव्हते, थोडेच होते. जिन्यात लोक हळू आवाजात बोलायला लागले. चाळीच्या पुनर्विकासाचं घोंगडं भिजत पडलेलं. करार हातात नसताना चावी दिली की खोली गेली, हे मी दारोदार ओरडून सांगितलं होतं. तरी बिल्डरचा माणूस चहा पितापिता सहज बोलून जायचा, "तारीख तर तुमच्याच ग्रुपवर येते ना."

शेवटच्या खोलीत काकी एकटी राहते. तिने बोचकं बांधलेलं बघून मी दारातच थांबले.

"काकी, हे काय?"

तिने फोन पुढे केला. "पयलो दिवो माजोच जाता बघ. सगळो काळोख झालो की परत पयल्यापासून. माका कोण बोलावता काय गो?"

"कोणी नाही बोलवत. मशीन आहे ते."

"मगे मशिनीक तारीख कोणी दिल्यान?"

ऑफिसात जाऊन एजंटसाठीचं त्या टूलचं पत्रक उघडलं. माझ्या आधीच्या कोणीतरी लिहिलेलं: 'तारीख न मिळाल्यास योग्य ती तारीख घ्यावी.'

योग्य ती! वॉर्ड ऑफिसच्या प्रत्येक उत्तरात हेच. योग्य ती कारवाई, योग्य त्या वेळी. कोणाला योग्य, ते कधीच नाही. मी ऑफिसातल्या सरांना दाखवलं.

"अगं, एआय हुशार आहे. समजून घेतं."

"समजून नाही घेत, सर. मनाचं भरतं. आणि तिकडे माणसं बोचकी बांधतात."

ती ओळ मी खोडली आणि लिहिलं: 'तारीख दिली नसेल तर चित्र बनवू नकोस. विचार. तारीख कशाची आणि कोणी दिली, ते चित्रावर लिही. तारीख उलटली की थांब. चित्र म्हणजे घड्याळ नव्हे. ते बनलं त्याच क्षणात अडकतं, नंतर कधीही उघडलं तरी तेच सेकंद मोजतं.'

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर चित्र आलं नाही. चूक मशीनची होती, असं मी सगळ्यांना कळवलं. काकी उंबऱ्यात बसली होती, बोचकं बाजूला.

"आज इला नाय," ती म्हणाली. "म्हणजे झाला काय?"

तेवढ्यात बिल्डरचा माणूस जिना चढून आला. "चला काकी, दिवस भरले. चावी द्या, टेम्पो खाली उभा आहे."

मी तोंड उघडलं. काकीने माझं मनगट घट्ट धरलं.

"तारीख कोणी दिल्यान?"

"म्हणजे काय? तुमच्या ग्रुपवर..."

"ग्रुप म्हणजे माणूस नाय. नाव सांग."

तो माझ्याकडे बघायला लागला. नाव कोणाकडेच नव्हतं. "नंतर येतो," म्हणून तो उतरला. टेम्पोचा आवाज लांब गेला.

चावी खिळ्यावरच राहिली. बोचकं मात्र काकीने सोडलं नाही. फोनमध्ये जुनं चित्र होतं.

"काढून टाकू?" मी विचारलं.

"रवांदे."

फोन तिच्या मांडीवर. पहिला दिवा तिचा गेला, मग शेजारचा, मग आमचा. चाळ काळी झाली की ती श्वास धरायची आणि दिवे परत लागले की सोडायची. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, मीही धरत होते.