एकाच वांग्याचे दोन फोटो

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, आयुष्यात एकही पूर्ण फोटो काढलेला नाही. ते फक्त अर्धा फोटो काढतात. उरलेला अर्धा धुळ्याच्या देवपुरात राहणारे त्यांचे साडू, नाना, काढतात. हे दोन अर्धे शेजारी शेजारी ठेवून, चष्मे पुसून, एकमेकांच्या कॅमेऱ्याचा आणि जमल्यास अकलेचाही उद्धार करून पाहिले जात नाहीत, तोपर्यंत फोटो निघाला असं आबा मानत नाहीत. माझ्या भाच्याच्या बारशाचे फोटो अजून 'निघायचे' आहेत. भाचा आता सायकल चालवतो.

आबा जळगावला राहतात आणि धरणगावकडे त्यांचं थोडं शेत आहे. नोकरी त्यांनी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरची केली. म्हणजे गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन बोटांत धागा ओढायचा आणि समोरच्याचा श्वास घेऊन होण्याआधी प्रत सांगून मोकळं व्हायचं. एकदा सांगितली की सांगितली. मग कुणी हात जोडो, नाहीतर पुढाऱ्याची चिठ्ठी आणो. साऱ्या तालुक्याचा कापूस ज्याने असा उभ्या उभ्या निकालात काढला, त्या माणसाला निवृत्तीनंतर इतक्या वर्षांत दोन जुनाट कॅमेऱ्यांपैकी चांगला कोणता, एवढं काही ठरवता आलेलं नाही. दोष त्यांचा नाही. साडू हे नातंच तुलनेसाठी जन्माला आलेलं आहे. एकाच सासऱ्याने दोन जावयांना अंगठ्या दिल्या तेव्हापासून कुणाची जड हा प्रश्न या घरात पडून आहे. कॅमेऱ्यांनी त्याला फक्त नवा विषय पुरवला. एका दिवाळीत आबांनी जळगावात एक कॅमेरा घेतला आणि नानांना चकित करायला धुळे गाठलं. नाना दारातच उभे होते, गळ्यात दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घालून. दोघांच्या बायकांनी फराळ पुढे ठेवला, पण त्या दिवशी चकली कुणी खाल्ली नाही.

दोन्ही कॅमेरे आपापल्या कंपनीने नवशिक्यांसाठी म्हणून काढलेले. नवशिका म्हणजे ज्याला काय हवंय हे कळत नाही आणि म्हणून ज्याला काहीही विकता येतं असा माणूस, ही बाजाराची व्याख्या. दिवाळी सरायच्या आत दोन्ही कंपन्यांनी पुढची मॉडेलं आणली आणि या दोघांना आपल्या कॅटलॉगातून बाहेर काढलं. भांडवलाला स्मरणशक्ती नसते, असं मी एकदा आबांना तावातावाने ऐकवलं. ते म्हणाले, "तुझं झालं असेल तर जरा बाजूला हो, उजेड अडतोय."

आबांचा कॅमेरा दहा मेगापिक्सलचा, नानांचा बारा. हे दोन मेगापिक्सल नाना गेली कित्येक वर्षं वतनासारखे मिरवत आहेत आणि आबा त्यांना दर भेटीत एकच विचारतात, "मेगापिक्सल म्हणजे काय हरभरे आहेत का रे, पोतं भरायला?" नानांच्या कॅमेऱ्यात फोकसचे ठिपके बरेच, आबांच्यात अवघे तीन. आबांचं म्हणणं, तीन ठिपक्यांत ज्याचा नेम बसत नाही त्याने फोटो काढू नयेत, चिंचा पाडाव्यात. आबांच्या कॅमेऱ्याच्या पोटात फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुनी लेन्स लावली की हाताने फिरवत बसावं लागतं. हा दोष ते 'शिस्त' म्हणून सांगतात. नानांच्या फोटोत लाल रंग अंमळ जास्त उतरतो, त्यामुळे घरातली सगळी माणसं नुकतीच कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसतात. आबांच्या फोटोत पिवळा जास्त, तिथे तीच माणसं काविळीतून उठलेली असतात. दिवेलागणीला आबांच्या फोटोवर बाजरी सांडल्यासारखे दाणे दिसतात, आणि नानांचा फोटो चुना फासलेल्या भिंतीसारखा होतो. म्हणजे एका कुटुंबाचं खरं रूप पाहायचं तर तिसरा कॅमेरा घ्यावा लागेल, असं माझ्या बहिणीने एकदा सुचवलं. आठवडाभर तिच्याशी कुणी बोललं नाही.

पाणीपट्टीच्या वाढीविरुद्ध आमच्या संघटनेचा जळगावात मोर्चा होता तेव्हा फोटोग्राफर परवडत नाही म्हणून मी आबांना विचारलं. माझी चूक एवढीच की मी एक माणूस बोलावला आणि दोन आले. मोर्चा महापालिकेसमोर आला, घोषणा टिपेला पोचली, पुढच्या फळीतल्या बाईंनी मूठ वर केली, आबांनी ती टिपली आणि लगेच हात आडवा करून सगळा मोर्चा थांबवला. "ताई, हीच मूठ पुन्हा वर करा. तिथेच. नाना लेन्स पुसतोय." बाईंनी पुन्हा मूठ वर केली. पण एकच संताप दुसऱ्यांदा करायचा म्हटला की चेहऱ्यावर जरा कंटाळा येतोच. नानांनी तो कंटाळा बारा मेगापिक्सलमध्ये टिपला. बंदोबस्तावरच्या पोलिसालाही चेहरा तसाच ठेवायला सांगण्यात आलं; सरकारी चेहरा असल्यामुळे ते त्याला सहज जमलं. पुढे मी पत्रकासाठी फोटो मागायला गेलो तर दोघे म्हणाले, आधी कोणता चांगला ते ठरू दे. पाणीपट्टी वाढली. फोटो ठरायचाच आहे.

पण या सगळ्या किरकोळ चाचण्या. खरी परीक्षा वर्षातून एकदाच, थंडीत, आबांच्या शेतात, भरिताच्या दिवशी. आपल्याकडचं भरिताचं वांगं जांभळं नसतं, हिरवं असतं, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्याशी आबा बोलत नाहीत. हातभर लांब, अंगावर पांढरट रेघा, आणि त्या हिरव्यात कुठे पिवळं मिसळलंय, कुठे दुधाळ झालंय, हे जो कॅमेरा बिनचूक दाखवेल तो खरा, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. नाना देवपुरातल्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. रंग हा त्यांचा प्रांत आणि प्रत ठरवणं हा आबांचा. त्यामुळे वांगं हा मध्यममार्ग निघाला. नियम कडक. वांगं एकच, बाज तीच, उजेड तोच, आणि स्टुडिओवाल्याला दम भरून फोटो जसाच्या तसा छापून घ्यायचा. नाना सकाळच्या एसटीने एरंडोलला उतरायचे, आबा मोटरसायकलवर त्यांना घेऊन यायचे, आणि गळ्यात दोन कॅमेरे घातलेली ती दोन म्हातारी माणसं बांधावरून येताना शेजारच्या शेतातली माणसं कामं टाकून, पंचनामा कशाचा आहे म्हणून विचारायला यायची.

एका वर्षी आबांनी आपला फोटो घेतला आणि नाना बॅटरी बदलायला झाडाखाली गेले. नेमकी तेव्हाच मावशींनी, म्हणजे आबांच्या बायकोने, बाजेवरचं वांगं उचललं, तेल लावलं, टोचे मारले आणि तुरकाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळात सारलं. नाना परत आले तेव्हा ते काळंठिक्कर होऊन वाफ सोडत होतं. तरी नानांनी गुडघे टेकून त्याचाच फोटो घेतला. पुढच्या रविवारी एक हिरवा आणि एक काळा असे दोन फोटो समोर ठेवून दोघे तासभर भांडले. "मन्हा फोटोमा काळा रंग देख, कसा खोल उतरेल शे!" असं नाना म्हणत होते. आबांना अख्खी मराठी येत असूनही साडू समोर आला की तेही अहिराणीतच उतरतात. "अरे, पण वांगं हिरवं व्हतं!" ते ओरडले. "तुन्हा टाइमले व्हतं," नाना शांतपणे म्हणाले. मावशींनी दोघांच्या पानात भरीत वाढलं आणि मला म्हणाल्या, "यांना दोन डोळे दिलेत देवाने, दोन्ही मिळून एक वांगं दिसत नाही."

इतक्या वर्षांत या दोघांचं एकमत झालेलं मी एकदाच पाहिलं. माझ्या बहिणीने त्याच वांग्याचा आपल्या मोबाइलवर फोटो काढला. तो उघड उघड दोन्ही कॅमेऱ्यांच्या वर होता. रेघन् रेघ स्वच्छ, देठावरचं दव मोजून घ्या. दोघांनी डोकं डोक्याला लावून तो पाहिला. आबा म्हणाले, "हा फोटो नाही. ही जाहिरात आहे." नाना म्हणाले, "लग्नातल्या नवरीसारखं केलंय वांगं." मग दोघे पुन्हा आपापल्या मोडक्या खेळण्यांकडे वळले. लोकांना जे चांगलं आहे ते का पटत नाही, यावर मी पुष्कळ वाचलं आहे. त्यात या दोघांचा उल्लेख कुठे नाही.

मागल्या वर्षी नानांना काचबिंदू असल्याचं कळलं. कळलं तेव्हा बराच उशीर झाला होता. कडांचं दिसणं गेलं ते गेलं, मधलं जे उरलंय ते औषधाने टिकेल तेवढं टिकवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, असं नाना सांगायचे, आणि सांगताना नळीची उंची-रुंदीही दाखवायचे. त्या दिवसापासून आबांनी कॅमेऱ्याचा विषय काढणं बंद केलं. नानांनी मात्र यंदा थंडी पडताच फोन केला. आबांनी तो स्पीकरवर ठेवला होता म्हणून मीही ऐकला.

"औंदा निकाल लाव," नाना म्हणाले.

"घाई काय शे?"

"पुढला साल माले दिखणार नही. कोन्हा भारी, ते माले मन्हा डोयानी देखनं शे."

आबांनी फोन ठेवला आणि बॅटरी चार्जिंगला लावली. ती आता पुरती चार्ज होत नाही, तरी ते तिच्याजवळ बसून राहिले.

यंदाचं भरीत मी पाहिलं. नानांना हाताला धरून बांधावरून आणलं. त्यांचा कॅमेरा आबांनीच तिपाईवर लावून दिला, फोकस मात्र नानांना करू दिला. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं. दोन फोटो निघाले. मावशींनी दोन्ही निघेपर्यंत वांग्याला हात लावला नाही, आणि कुणी भांडलंही नाही. त्यामुळे भरीत कुणालाच धड गोड लागलं नाही.

पुढच्या रविवारी आबा आणि मी फोटो घेऊन देवपुरात गेलो. नाना ओसरीवर उन्हाकडे पाठ करून बसले होते. त्यांनी पहिला फोटो डोळ्यांजवळ धरला आणि हळूहळू सरकवू लागले. आधी देठ, मग रेघा, मग टोक, एका वेळी बोटभर. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. आत त्यांच्या बायकोने चहा गाळला, तो आला, निवला. आबा पायताण काढायचं विसरून तसेच उंबऱ्याशी उभे होते.

"आबा," नाना शेवटी म्हणाले, "तुन्हा भारी शे. हाऊच हिरवा खरा शे. मन्हामा लाल उतरेल शे, तू म्हणस ते बरोबर शे."

ज्या वाक्यासाठी आबांनी इतकी वर्षं सारं घर वेठीला धरलं होतं, ते वाक्य हे. मला वाटलं, आता हा माणूस पांझरा नदीच्या पुलावर फटाके लावणार. आबांनी आपला फोटो हातात घेतला, पाहिला, आणि खाली ठेवला.

"कबूल नही," ते म्हणाले. "तुन्हा टाइमले ढग उना व्हता."

"ढग?"

"पातळ व्हता. उजेड बदलना. तुलना रद्द. पुढला साल परत."

"ढग नव्हता, आबा."

"व्हता."

नानांनी मान वळवली आणि ज्या बाजूला मी असेन असं त्यांना वाटलं, तिकडे पाहिलं. "तू सांग रे भाऊ. तू व्हतास तठे. ढग व्हता का?"

सत्यावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. तडजोड करणाऱ्यांना काय म्हणावं याचे शब्द मला झोपेतही आठवतात. आबा माझ्याकडे बघत नव्हते. ते आपल्या पायताणाकडे बघत होते.

"होता," मी म्हणालो. "पातळ होता."

नाना थोडे हसले. "पुढला साल माले दिखाले पाहिजे ना पण."

"नही दिखनं तर हाऊ सांगी तुले," आबा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "मन्हावर तुन्हा भरोसा नही, पण हाऊ खोटं बोलत नही."

नानांनी आबांचाच फोटो पुन्हा उचलला, डोळ्यांशी नेला आणि देठापासून सुरुवात केली. मी घड्याळ पाहिलं. साडेचारची जळगाव गाडी गाठायची तर आता निघायला हवं होतं, आणि गाडी चुकली की आबा कसा थयथयाट करतात हे मला माहीत होतं. मी तसं म्हटलंही. आबांनी पायताण काढलं, भिंतीशी नीट लावलं आणि नानांच्या शेजारी मांडी घालून बसले.

"देख तू," ते म्हणाले. "निवांत देख. गाड्या रातपर्यंत शेतस."